साखर दिसली, चरबी राहिली: यकृत आणि संप्रेरकांची गोष्ट



आजचा विषय जरा तेलकट आहे. (हशा) यकृतातली चरबी, आणि ती बनव किंवा थांबव असा निरोप देणारी संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स. हल्ली पोटाची सोनोग्राफी केली की रिपोर्टात 'फॅटी लिव्हर, ग्रेड वन' हे शब्द इतक्या सहज येतात की इथे बसलेल्यांपैकीही काहींच्या घरी तो कागद असेल. मी डॉक्टर नाही, उपचार सांगायला आलेलो नाही. मी जीवरसायनशास्त्र शिकवलं, आणि त्याचा इतिहास वाचायची आवड आहे, तेवढ्या अधिकारावर बोलतो. या विषयाच्या इतिहासात एक मोठी चुकामूक आहे. प्रश्न सुरू झाला चरबीचा. वाटेत तो साखरेचा झाला. आणि परत चरबीवर यायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. त्या चुकामुकीची किंमत आपण अजून मोजतोय, म्हणून हा विषय.

अंजीर खाल्लेलं यकृत

सुरुवात शब्दांपासून करू. आपण 'यकृत' म्हणतो. लॅटिनमध्ये यकृताला जुना शब्द होता 'येकुर'. कानाला जाणवतंच बघा, दोन्ही शब्द एकाच कुळातले. पण आज फ्रेंच माणूस यकृताला 'फ्वा' म्हणतो, इटालियन 'फेगातो', स्पॅनिश 'इगादो'. यातला 'येकुर' गेला कुठे?

रोमन लोकांना चरबीनं भरलेलं यकृत खायला फार आवडायचं, आणि त्यासाठी ते जनावरांना अंजीर चारायचे. अंजिराला लॅटिनमध्ये 'फिकुस'. म्हणून त्या पदार्थाचं नाव 'येकुर फिकातुम', अंजीर चारलेलं यकृत. बोलता बोलता लोकांनी 'येकुर' गाळलं आणि नुसतं 'फिकातुम' ठेवलं. त्यातूनच फेगातो, इगादो, फ्वा आले. म्हणजे अर्ध्या युरोपात यकृताचं आजचं नाव हे मुळात फॅटी लिव्हरचं नाव आहे!

त्याच्याही आधी, चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, इजिप्तमध्ये सक्कारा इथल्या थडग्यांच्या भिंतींवर पाळीव हंसांना बळंच दाणे भरवणारी माणसं कोरलेली आहेत. पुढे अठराव्या शतकात फ्रान्सच्या सीमेवरचं स्ट्रासबर्ग शहर हंसाच्या यकृताच्या पदार्थासाठी प्रसिद्ध झालं. स्ट्रासबर्ग हे नाव लक्षात ठेवा, आपल्याला तिथे परत यायचंय.

आता यातलं शास्त्र बघा. हंसाला चारलं काय? अंजीर, मका. तेल नाही, लोणी नाही. गोड आणि पिठूळ अन्न घातलं आणि आत तयार झाली चरबी. पाळणाऱ्याला हे माहीत होतं. शास्त्रज्ञांना पटायला मात्र १८४० चं दशक उजाडावं लागलं.

चरबी येते कुठून?

पॅरिसमध्ये ज्यां-बातिस्त द्युमा आणि बूसँगो यांचं म्हणणं असं की वनस्पती पदार्थ घडवतात आणि प्राणी ते फक्त जाळतात. प्राण्याच्या अंगातली चरबी ही चाऱ्यातूनच आयती आलेली असणार. जर्मनीत युस्टुस फॉन लीबिग म्हणाला, छे! गाय जेवढं लोणी देते तेवढी चरबी तिच्या गवतात असते कुठे? प्राणी पिठापासून आणि साखरेपासून चरबी बनवतात. वाद चांगलाच पेटला. शेवटी बूसँगोनं स्वतः डुकरं, हंस आणि बदकं यांच्यावर मोजमाप करून प्रयोग केले आणि त्याला मान्य करावं लागलं की खाल्लेल्या चरबीपेक्षा अंगावर चढलेली चरबी जास्त भरते. पुढे इंग्लंडमध्ये रॉदॅमस्टेड इथे लॉझ आणि गिल्बर्ट यांनी डुकरांवर हेच दाखवलं. (मला हा बूसँगो आवडतो. स्वतःचं मत स्वतःच्या तराजूनं खोटं ठरवणारी माणसं कमी असतात.)

तर एक गोष्ट ठरली, शरीर साखरेपासून चरबी बनवतं. पण केव्हा बनवायची, किती बनवायची, थांबायचं केव्हा, हे ठरवतं कोण? हा प्रश्न तेव्हा कुणी विचारलाच नाही. कारण मधे साखर आली.

यकृत साखरेचं झालं

१८४८ मध्ये क्लोद बर्नार नावाच्या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाला दिसलं की कुत्र्याला नुसतं मांस खायला घातलं, साखरेचा कण दिला नाही, तरी यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात साखर असते. म्हणजे यकृत साखर तयार करून रक्तात सोडतं. १८५५ मध्ये त्यानं यकृत पाण्यानं धुऊन धुऊन साखर काढून टाकली आणि काही तासांनी त्यात परत साखर सापडली. १८५७ मध्ये त्यानं तो साठा वेगळा काढला, ग्लायकोजेन. रक्तात थेट काहीतरी सोडण्याच्या या क्रियेला त्यानं 'अंतर्गत स्राव' म्हटलं. पुढे हीच कल्पना संप्रेरकांसाठी वापरली गेली.

शोध प्रचंड होता, प्रश्नच नाही. पण त्याचा एक परिणाम असा झाला की यकृत म्हटलं की साखर, असं समीकरण डोक्यात बसलं.

स्ट्रासबर्ग, १८८९

आता परत स्ट्रासबर्गला. तेव्हा ते शहर जर्मन साम्राज्यात होतं. तिथल्या विद्यापीठात योझेफ फॉन मेरिंग आणि ओस्कार मिन्कोव्स्की यांची एका तेलावरून चर्चा झाली. 'लिपानिन' नावाचं तेल होतं, पचायला हलकं म्हणून दिलं जायचं. प्रश्न असा निघाला, चरबी पचवायला स्वादुपिंड लागतंच का? मग स्वादुपिंड काढून बघू या. मिन्कोव्स्कीचा हात शस्त्रक्रियेत सफाईदार होता. त्यानं कुत्र्याचं स्वादुपिंड पूर्ण काढलं, आणि कुत्रा जगला.

जगला, पण प्रयोगशाळेत जिथे तिथे लघवी करायला लागला. मिन्कोव्स्कीनं लघवी तपासली, त्यात १२ टक्के साखर! कुत्र्याला मधुमेह झाला होता. लघवीवर माश्या बसल्या, कुणी ती चाखून बघितली, अशा गोष्टी नंतर जोडल्या गेल्या. माश्यांची गोष्ट मिन्कोव्स्कीनं स्वतःच नाकारली होती. पण साखर सापडली, एवढं खरं.

हे ध्यानात घ्या. प्रयोग सुरू झाला चरबीच्या प्रश्नानं. उत्तर मिळालं साखरेचं. आणि उत्तर इतकं लखलखीत होतं की मूळ प्रश्न टेबलावरच राहून गेला. मिन्कोव्स्कीला चरबीकडची बाजू माहीत नव्हती असंही नाही. त्याच्या पाच वर्षं आधी मधुमेही रुग्णांच्या लघवीतलं एक आम्ल ओळखणाऱ्यांत तोही होता, आणि ते आम्ल यकृतात चरबी अर्धवट जळून तयार होतं. दोन्ही धागे त्याच्या हातात होते. गाठ मारली गेली नाही.

'हॉर्मोन' हा शब्द यायला अजून अवकाश होता. तो १९०५ मध्ये अर्नेस्ट स्टार्लिंगनं लंडनच्या व्याख्यानात वापरला, ग्रीक क्रियापदावरून, अर्थ 'चेतवणं'. आपला 'संप्रेरक' त्याच अर्थाचा, आणि माझ्या मते मूळ शब्दापेक्षा जास्त स्पष्ट.

टोरोंटोचे कुत्रे

१९२१-२२ ची इन्सुलिनची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. कॅनडातलं टोरोंटो, बँटिंग, बेस्ट, मॅक्लिऑड, कॉलिप. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या मुलाला पहिलं इंजेक्शन. १९२३ चं नोबेल. व्याख्यान इथे संपवून टाळ्या घेता येतात. (हशा) पण मला त्यानंतरचं वर्ष सांगायचंय, ते फारसं कुणी सांगत नाही.

मॅक्लिऑडच्या प्रयोगशाळेत स्वादुपिंड काढलेले कुत्रे इन्सुलिनवर जगवून ठेवले होते. साखर ताब्यात, खाणं व्यवस्थित. मग सगळं ठीक व्हायला हवं ना? काही महिन्यांनी कुत्रे खंगायला लागले आणि मेले. शवविच्छेदनात यकृत कसं दिसलं? पिवळं, मोठं, चरबीनं गच्च भरलेलं. १९२४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आणि त्याच लोकांना दिसलं की खाण्यात कच्चं स्वादुपिंड दिलं तर कुत्रे वाचतात.

साहजिकच सगळ्यांना वाटलं, स्वादुपिंडात दुसरंही एखादं संप्रेरक आहे, चरबीचं! शिकागोत ड्रॅगस्टेट यांनी १९३६ मध्ये त्याला नावही देऊन टाकलं, 'लिपोकेइक'. पण टोरोंटोत चार्ल्स बेस्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वेगळ्या बाजूनं शोध घेतला. त्यांना दिसलं की कच्च्या स्वादुपिंडाऐवजी लेसिथिन दिलं तरी भागतं, आणि १९३२ पर्यंत त्यांनी लेसिथिनमधला कामाचा घटक शोधला, कोलीन. अंड्यात, मांसात असतो तो.

मग स्वादुपिंडाचा संबंध काय? स्वादुपिंड दोन कामं करतं. एक इन्सुलिन, दुसरं पाचक रस. कुत्र्यांना इन्सुलिन टोचून मिळत होतं, पण पाचक रस नव्हते, म्हणून अन्नातले जरूरीचे घटक सुटून अंगी लागत नव्हते. कोलीन नाही तर यकृताला चरबी नीट बांधून रक्तात धाडता येत नाही. माल तयार, पण बांधायला पोती नाहीत. मग कोठार तुंबणारच. लिपोकेइक नावाचं संप्रेरक शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. ज्या मधुमेही माणसांना इन्सुलिन मिळत होतं त्यांचं असं का झालं नाही? कारण त्यांचं इन्सुलिन गेलेलं असलं तरी पाचक रस शाबूत होते.

या चुकलेल्या वाटेनं आपल्याला एक फार उपयोगी हिशोब शिकवला. यकृत हे कोठार समजा, त्याला चार दारं. पहिल्या दारानं बाहेरची चरबी येते, जेवणातली आणि अंगावरच्या साठ्यातली. दुसरं दार आतल्या भट्टखान्याचं, तिथे साखरेपासून चरबी तयार होते. तिसऱ्या दारानं चरबी जळायला जाते. चौथ्यानं ती पोत्यांत भरून रक्तात जाते. यकृतात चरबी साठली म्हणजे या चारांपैकी कुठेतरी हिशोब बिघडला. १९३३ मध्ये सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, कुपोषित मुलांच्या आजाराचं वर्णन केलं, क्वाशिओरकॉर. त्या उपाशी मुलांचंही यकृत चरबीनं भरलेलं असतं. अति खाऊन भरतं आणि न मिळाल्यानंही भरतं. दार वेगळं, एवढंच.

जड हायड्रोजनची खूण

चार दारांपैकी दुसरं, म्हणजे आतल्या भट्टखान्याचं, आपल्या विषयाचं मुख्य दार. पण आत बनलेली चरबी आणि बाहेरून आलेली चरबी दिसायला सारखीच. ओळखायची कशी?

१९३३ मध्ये नाझी राजवट आल्यावर रुडॉल्फ शोनहायमर हा ज्यू शास्त्रज्ञ जर्मनी सोडून न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात आला. त्याच विद्यापीठात हॅरोल्ड यूरी यांनी नुकताच जड हायड्रोजन, म्हणजे ड्यूटेरियम शोधला होता. शोनहायमरनं तो खूण म्हणून वापरला, गुरांना डाग देतात तसा. १९३५ पासूनच्या त्याच्या प्रयोगांनी एक जुनी समजूत मोडली. अंगावरची चरबी म्हणजे अडगळीच्या खोलीतलं सामान, लागेल तेव्हाच काढायचं, असं सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात ती सतत येते, जाते, मोडते, नव्यानं बनते. वजन स्थिर असतानाही आत वर्दळ चालू असते. शोनहायमरनं १९४१ मध्ये आत्महत्या केली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. देश, भाषा, सगळं सोडून आलेला माणूस. त्याचं काम त्याच्या सहकाऱ्यांनी पुढे नेलं.

त्यांच्यापैकी डेविट स्टेटन यांनी १९४४ मध्ये मधुमेह घडवलेल्या उंदरांना जड पाणी दिलं आणि नवी चरबी किती बनते ते मोजलं. निरोगी उंदीर खाल्लेल्या साखरेचा ग्लायकोजेनपेक्षा कितीतरी मोठा वाटा चरबीकडे वळवत होते. मधुमेही उंदरांत ही क्रिया जवळजवळ बंद पडली होती. पुढच्या काही वर्षांत यकृताच्या पातळ चकत्या काचेच्या भांड्यात ठेवून अनेकांनी हेच बघितलं, इन्सुलिन नसलेल्या प्राण्याचं यकृत चरबी बनवायचं विसरतं, आणि प्राण्याला इन्सुलिन दिलं की परत बनवायला लागतं.

म्हणजे १९५० च्या आसपास हे स्पष्ट होतं. इन्सुलिन हे फक्त साखर उतरवणारं संप्रेरक नाही. यकृताला 'चरबी बनव' असा हुकूम देणारंही तेच. पण सामान्य माणसाच्या, आणि खरं सांगायचं तर आम्हा शिक्षकांच्याही डोक्यात इन्सुलिनची ओळख राहिली ती एकच. मी स्वतः वर्षानुवर्षं मधुमेह 'कार्बोहायड्रेट्स'च्या प्रकरणात शिकवला. पुस्तकात तिथेच होता.

वीट आणि कडी

आता हुकूम येतो म्हणजे नक्की होतं काय, ते बघू. १९५८ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनला सालिह वाकिल हे इराकमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ चरबी बनवणारी यंत्रणा सुटी करून बघत होते. त्यांना एक कोडं पडलं. मिश्रणात बायकार्बोनेट, म्हणजे आपल्या खायच्या सोड्यातला घटक, टाकला नाही तर चरबी बनत नाही. पण त्यातला कार्बन तयार चरबीत सापडतच नाही! उत्तर असं निघालं की तो कार्बन आधी एका मधल्या पदार्थाला जोडला जातो आणि काम झाल्यावर गळून पडतो. तो मधला पदार्थ म्हणजे मॅलोनिल-कोए. चरबीच्या भिंतीतली वीट म्हणा. विटेवर वीट रचत सोळा कार्बनांची साखळी होते, पामिटिक आम्ल.

ही वीट फक्त वीट नाही, हे कळायला आणखी १९ वर्षं गेली. १९७७ मध्ये डॅलसमध्ये डेनिस मॅकगॅरी आणि डॅनियल फॉस्टर यांना वेगळाच प्रश्न पडला होता. यकृत एकाच वेळी चरबी बनवतही नाही आणि जाळतही नाही. दोन्ही एकदम केलं तर एका हातानं भरायचं आणि दुसऱ्यानं ओतायचं, असं होईल. मग हे टळतं कसं? त्यांना दिसलं की मॅलोनिल-कोए जमा झालं की ते चरबी जाळायच्या भट्टीच्या दाराला आतून कडी घालतं. तीच वीट आणि तीच कडी.

आता संप्रेरकं जोडा. जेवण झालं, साखर वाढली, इन्सुलिन सुटलं. स्वादुपिंडातून निघालेलं रक्त आधी यकृतात जातं, मग उरलेल्या शरीरात. म्हणून इन्सुलिनचा सगळ्यात कडक डोस यकृताला मिळतो. विटा पडायला लागतात, चरबी बनते, जाळायचं दार बंद. काही तास उपाशी राहिलात, इन्सुलिन उतरलं, त्याचा उलटा भाऊ ग्लुकागॉन वर आला. अर्ल सदरलँड यांनी १९५० च्या दशकात यकृतावरच काम करताना शोधलेल्या सायक्लिक एएमपी या निरोप्यामार्फत तो आत सांगतो, विटा बंद. विटा संपल्या की कडी निघते आणि चरबी जळायला लागते. एकादशीच्या संध्याकाळी तुमच्या यकृतात हेच चाललेलं असतं, अर्थात साबुदाण्याची खिचडी खाल्ली नसेल तर. (हशा)

एक कान बहिरा

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. इन्सुलिन आलं, चरबी बनली. मधुमेहात इन्सुलिन नाही, तर चरबी बनू नये. मग टाइप टू मधुमेहाच्या रुग्णाचं यकृत चरबीनं का भरतं?

याचा पहिला धागा १९६० मध्ये मिळाला. रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या रुग्णालयात रक्तातलं इन्सुलिन मोजायची पद्धत काढली. १९७७ मध्ये यालो बाईंना नोबेल मिळालं. बर्सन तोवर वारले होते. मोजल्यावर काय दिसलं? मोठ्या वयात मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्सुलिन कमी नव्हतंच, उलट जास्त होतं. शरीर ऐकत नव्हतं, म्हणून स्वादुपिंड ओरडत होतं.

पण शरीर ऐकत नसेल, तर यकृतानं चरबी बनवायचा हुकूमही ऐकायला नको. ही विसंगती डॅलसमध्येच मायकल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांच्या गटानं पुढे नेली. १९९३ मध्ये त्यांनी एसआरईबीपी हे प्रथिन वेगळं केलं, म्हणजे चरबी आणि कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या जनुकांची बटणं दाबणारा मुकादम. १९९९ मध्ये त्यांनी आणि पॅरिसच्या एका गटानं दाखवलं की यकृतात या मुकादमाला कामावर बोलावतं ते इन्सुलिन. आणि लठ्ठ, मधुमेही उंदरांमध्ये असं दिसलं की यकृत इन्सुलिनचा एक हुकूम ऐकत नाही आणि दुसरा ऐकतं. 'साखर सोडायची थांबव' याला बहिरं. 'चरबी बनव' याला कान शाबूत. एक कान बहिरा, एक तेज. त्यामुळे साखर उतरत नाही, म्हणून इन्सुलिन आणखी वाढतं, आणि वाढलेलं इन्सुलिन शाबूत कानात आणखी जोरात सांगतं, बनव चरबी! याला 'निवडक इन्सुलिनरोध' म्हणतात. २००९ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी माणसात याला मोठा आधार दिला. ज्यांच्यात जन्मतः इन्सुलिनचा ग्राहकच बिघडलेला असतो, म्हणजे दोन्ही कान बंद, त्यांची साखर वाढते पण यकृतात चरबी साठत नाही.

इथे एक सांभाळून सांगतो. सगळा दोष या एका दाराचा नाही. २००५ मध्ये मिनेसोटातल्या संशोधकांनी फॅटी लिव्हर असलेल्या ९ जणांना खूण केलेलं अन्न देऊन हिशोब मांडला. यकृतातल्या चरबीपैकी सुमारे ५९ टक्के अंगावरच्या साठ्यातून सुटून आलेली, २६ टक्के यकृतानं स्वतः बनवलेली, १५ टक्के थेट जेवणातली. निरोगी माणसात उपाशीपोटी मधला आकडा ५ टक्क्यांच्या खाली असतो. अंगावरची चरबी सुटू न देणं हेही इन्सुलिनचंच काम, आणि तिथे मात्र शरीर बहिरं झालेलं असतं. म्हणून पहिलंही दार उघडं आणि दुसरंही. शिवाय थायरॉईड, कॉर्टिसॉल, वाढीचं संप्रेरक, हेही आपापलं वजन टाकतात. आणि साखर स्वतःही बटण दाबते, संप्रेरकाला न विचारता. ते यंत्र २००१ मध्ये सापडलं.

चव नसती तर?

१९९२ मध्ये त्याच मॅकगॅरींनी 'सायन्स' या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्याच्या शीर्षकातच प्रश्न होता, मिन्कोव्स्कीला चवच कळत नसती तर? त्यांची कल्पना अशी. समजा मिन्कोव्स्कीला गोडी कळली नसती, पण कुत्र्याला येणारा ॲसिटोनचा वास आला असता. ॲसिटोन येतो चरबी बेसुमार जळण्यातून. मग त्यानं म्हटलं असतं, हा चरबीच्या कारभाराचा रोग आहे. आणि आपण शंभर वर्षं दुसऱ्याच दिशेनं प्रश्न विचारले असते.

ही नुसती गंमत नाही. ज्याचं मोजमाप सोपं, त्याचं नाव रोगाला मिळालं. साखर मोजणं सोपं होतं. यकृतातली चरबी मोजायला सुई घालून तुकडा काढावा लागायचा. दारू न पिणाऱ्यांच्या चरबीयुक्त यकृताच्या सुजेला स्वतंत्र नाव मिळालं तेच १९८० मध्ये, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये २० रुग्णांच्या अभ्यासातून. त्याआधी रुग्ण 'मी पीत नाही हो' म्हणायचा आणि त्याच्यावर विश्वास बसणं अवघड जायचं. २०२३ मध्ये नावातला दारूचा उल्लेख काढून चयापचयाचा आणला. १८८९ चा टेबलावर राहिलेला प्रश्न असा परत हातात आला.

आणि आपल्याकडचं? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांचा एक जोडफोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी? यडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकच मार्क देतो! याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांचीही मोजमापं केली. इंग्लंडमधल्या साडेतीन किलोच्या बाळासमोर आपलं बाळ सरासरी २.७ किलोचं. हातपाय बारीक, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी त्या मानानं टिकून. आणि पुण्यात जन्मलेल्या बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिन लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा जास्त. जन्मतःच! म्हणून 'मी तर बारीक आहे, मला कसलं फॅटी लिव्हर' हे वाक्य आपल्याकडे जरा जपून म्हणावं.

प्रश्नोत्तरं

*श्रोत्यांतून एक बाई:* सर, माझ्या रिपोर्टात तेच लिहिलंय. मी तेल-तूप जवळजवळ बंद केलं, तरी वर्षभरात फरक नाही. मग मी चुकले का?

ताई, तुमच्या तब्येतीचं तुमचे डॉक्टरच सांगतील, आणि ते जरूर विचारा. पण इतिहासापुरतं सांगतो. हंसाला कुणी तूप चारलं नव्हतं. त्याला अंजीर आणि मका चारला होता. तेव्हा तेल कमी केलं आणि चहातली साखर, बिस्किटं, फळांचे रस तसेच ठेवले, तर आपण चारांपैकी एकाच दाराला कुलूप लावलं. तुम्ही चुकला नाहीत. तुम्हाला प्रश्न अर्धाच सांगितला गेला.

*एक विद्यार्थी:* मग संप्रेरकांवरूनच औषध नाही का निघणार?

निघतंय. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत मान्य झालेलं रेस्मेटिरोम हे यकृताच्या सुजेवरचं औषध थायरॉईड संप्रेरकाचा यकृतातला ग्राहक चेतवतं. २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडलाही त्याच आजारासाठी तिथे मान्यता मिळाली, तेही आतड्यातल्या एका संप्रेरकाची नक्कलच. दोन्हींबरोबर आहार आणि व्यायाम सांगितलेलाच आहे, हे विसरू नका. पण औषधापेक्षा मला प्रश्न परत सापडल्याचं जास्त अप्रूप आहे. बूसँगोसारखं आपलं मत तराजूत टाकायची तयारी ठेवलीत, तर तुमच्याही टेबलावर एखादा राहिलेला प्रश्न सापडेल.

थांबतो इथे.